स्लॅबला लागलेल्या मुंग्या

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा साऱ्या धुळे जिल्ह्यात ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ नावाचा प्राणी एकच होता, आणि तो मी होतो. बाकीचे सगळे इंजिनिअर, सुपरवायझर, नाहीतर नुसतेच ‘अण्णा’. आमच्या धुळ्याच्या शेठना कुठल्याशा लग्नात मुंबईचा एक बिल्डर भेटला, त्याच्या माणसाच्या खिशात तसं कार्ड होतं, म्हणून शेठनी परत आल्याबरोबर माझंही छापून घेतलं. खुर्ची तीच, फटफटी तीच, पण कार्ड असं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. मी ते एसटीच्या कंडक्टरला दिलं, चहावाल्याला दिलं, सासऱ्यांना तर दोनदा दिलं.

मी मूळचा जळगावचा. आमच्या गल्लीत जे घडलं तेवढंच सांगणाऱ्याला लोक आजारी समजत. माझे एक काका केळीच्या घडाला शिडी लावून चढले होते आणि वरून त्यांना भुसावळचं स्टेशन दिसलं होतं, असं ते स्वतः सांगत आणि आजी त्यावर मान डोलवी. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडून वाघ बाहेर पडला तर तो हत्तीएवढाच पडायचा. शेठनी मला वर चढवलं ते या तोंडामुळेच. सरकारी साहेब आला, की त्याला चहाबरोबर मी वाढला जात असे.

दोंडाईच्याच्या पुढे, फाट्यावरून आत, एका गावात आरोग्य उपकेंद्राचं काम आम्हाला मिळालं. दोन खोल्या, व्हरांडा, मागे बाळंतपणाची खोली. एवढ्याशा कामाला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे उंदराला हौदा, पण मी गावात अशा थाटात उतरलो, जणू धरण बांधायला आलोय.

त्या गावात आबा होते. सत्तरीच्या घरातले, अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं इतकं कमी, की माझ्या एका वाक्यात त्यांचा आठवडा निघाला असता. उपकेंद्रासाठी पंचायतीत कित्येक वर्षं तेच भांडत होते. त्यांच्या धाकट्या सुनेला दवाखान्यात नेताना बैलगाडीचं चाक नाल्याच्या रेतीत रुतलं होतं, आणि बाळंतपण तिथेच झालं. बाळ राहिलं नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गावानं सांगितलं. जागेसाठी त्यांनी आपल्या मळ्याचा रस्त्याकडचा तुकडा सोडला होता. पण गावात निम्मे लोक म्हणत, सरकारी स्लॅब आहे, बाळ-बाळंतिणीच्या डोक्यावरच पडायचा. शेजारच्या गावात समाजमंदिराचा सज्जा पडला होता, तो सगळ्यांनी पाहिला होता.

भूमिपूजनाच्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर आबा माझ्या कानाशी येऊन त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, चार गोष्टी सांगा लोकेसले. आठे कोणाले भरोसा नही. मीच सांगेल शे बठ्ठास्ले, का हाऊ माणूस चांगलं काम करी म्हणून.”

चार गोष्टी सांगा! हे मला म्हणणं म्हणजे बैलाला बाजरीच्या शेतात सोडून चार कणसं खा म्हणण्यासारखं.

मी सुरू झालो. सातपुड्यात एक किल्ला आहे म्हणालो. (नाव विचारू नका, त्या दिवशीही नव्हतं.) त्याच्या भिंतीवर शत्रूनं तोफेचा गोळा सोडला. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. गोळा आदळला तो मागे फिरला आणि ज्या सरदारानं तोफ डागली त्याच्याच तंबूत जाऊन पडला. सरदार बिचारा हुक्का ओढत होता, तो हुक्क्यासकट गेला. लोक हसायला लागले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला चेव आला. “आणि का? कशामुळे? गूळ! मायबहिणींनो, त्या चुन्यात गूळ होता! राजानं दवंडी पिटली, आणि घराघरातून गुळाचा खडा आला. ज्याचा खडा, त्याची भिंत! विचारा आजच्या सिमेंटला, आहे का त्याच्यात ही ताकद?”

टाळ्या! ओट्यावरचं कबुतर उडून गेलं.

आता यातलं खरं किती? चुन्यात गूळ घालत असत, हे खरं. जुन्या कारागिरांना त्याचं प्रमाण ठाऊक होतं. पण सिमेंटाचं आणि गुळाचं उभं वैर. थोडी साखर पडली तरी सिमेंटाला गुंगी येते, जास्त पडली तर ते शुद्धीवर येईलच याची खात्री नाही. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. ते वाक्य त्या दिवशी माझ्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण टाळ्या पडत असताना खुलासा करणारा माणूस मी नव्हतो. मी हात जोडले आणि खाली बसलो.

कामात मात्र मी कच्चा नव्हतो, एवढं म्हणायची मला मुभा द्या. नाल्याची वाळू आली, की मूठभर घेऊन तळहातावर चोळायची. हाताला माती लागली तर ट्रॅक्टर तसाच परत. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर नाही, फळ्यांवर. पायाच्या बांधकामावर पाणी मारण्यात खंड पडला तर गवंड्याच्या सात पिढ्या मी उद्धरत असे. आबा रोज येऊन शेजारी उभे राहत आणि बघत. पंधरवड्यात तेच वाळू चोळायला लागले. एकदा मी धुळ्याला गेलो होतो तर त्यांनी दोन ट्रॅक्टर परत पाठवले. ट्रॅक्टरवाला त्यांचा सख्खा भाचा. तो माझ्याकडे रडत आला: “साहेब, मामाले काय शिकाडी दिधं तुम्ही? मनी वाळू धुईसन आण म्हणस!”

मी खूश. गावभर सांगत सुटलो, की माझ्या साइटवर पंचाहत्तर वर्षांचा इन्स्पेक्टर आहे. (पाच वर्षं मी वाढवली.) माझ्या लक्षात एक गोष्ट मात्र आली नाही. कामाची जी जाडजूड नियमावली माझ्या बॅगेत होती, ती त्या गावात कुणीही वाचलेली नव्हती. गवंड्यानं नाही, मिक्सरवाल्यानं नाही, आबांनी तर नाहीच. त्यांची नियमावली म्हणजे माझं तोंड. वाळू चोळा म्हणालो, तर वाळू चोळली. गोण्या फळीवर म्हणालो, तर फळीवर. त्या तोंडातून निघालेलं कुठलं काम आणि कुठली गंमत, हे निवडून द्यायला त्यांच्याकडे चाळणी नव्हती. ती मी द्यायची होती. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून कार्ड छापलेला मी.

फेब्रुवारीत स्लॅबचा दिवस आला. सकाळी नारळ फुटला, मिक्सर धडधडायला लागला, घमेल्यांची रांग शिडीवरून वर जायला लागली. दुपारपर्यंत मी मिक्सरजवळून हललो नाही. पाण्याचा डबा स्वतः मोजून टाकायला लावला. अर्धा स्लॅब झाला. मग गावानं सगळ्यांना वरण-बट्टी वाढली, वर तुपाची धार अशी, की बट्टी पोहायला लागली. माणसं पाळीपाळीनं जेवली, म्हणजे काम थांबायला नको, हीसुद्धा माझीच शिस्त. जेवलो आणि निंबाखाली जरा टेकलो. पाचदहा लोक जमले. कुणीतरी म्हणालं, “साहेब, तो तोफना गोया सांगा ना परत.”

सांगितला. या वेळी सरदाराबरोबर त्याचे दोन घोडेही गेले.

सांगता सांगता मला दिसलं, की गावातून बायका येताहेत. डोक्यावर पदर, हातात झाकलेली ताटं, पुढे आबा. आबांची बायको, जिला सगळं गाव अक्का म्हणे, ती गाणं म्हणत होती आणि बाकीच्या मागून धरत होत्या. पाण्याच्या पिंपाजवळ थांबल्या. मला वाटलं, पूजा असेल. स्लॅबच्या दिवशी कुठे हळदकुंकू वाहतात, कुठे लिंबू टांगतात; आपण मध्ये पडायचं नसतं. मी निंबाखालूनच, बसल्या जागेवरून, दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

मिक्सरवाल्यानं मला नंतर सांगितलं, त्यानं विचारलं होतं. आबा, हे काय ओतताय? आबा म्हणाले, भाऊले माहीत शे. मिक्सरवाल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तर साहेब हात जोडून साऱ्या गावाला नमस्कार करत होते. मग तो काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीनं वर चढलो. आदल्या सकाळी भरलेला भाग टणक झाला होता, त्यावर पाणी साचवून ठेवायला आळी बांधायची म्हणून मी थाटात चालत गेलो. मधल्या तुळईच्या पुढे पाऊल टाकलं आणि बूट आत गेला. घोट्यापर्यंत म्हणत नाही. पण गेला. मागं वळून बघितलं तर अर्धा स्लॅब दगड, अर्धा चिखल, आणि मध्ये सुतानं आखावी तशी रेघ.

तपासणीसाठी आदल्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवले होते, लोखंडी साच्यात. दुपारनंतरच्या मालाचा साचा मी उघडला. ठोकळ्याऐवजी शिरा निघाला. बेदाणे तेवढे घालायचे राहिले होते.

मी खाली आलो, बसलो. आबा आले. “कसा शे, भाऊ?”

“चांगला आहे,” मी म्हणालो. “थंडी आहे ना. थंडीत सिमेंट जरा आळसावतं.”

खरंच, पहिले दोन दिवस मला काहीच कळलं नव्हतं. मी सिमेंटच्या गोण्या फोडून बघितल्या, विहिरीचं पाणी चाखलं, मिक्सरवाल्याला फैलावर घेतलं. तो गप्पच. त्याला वाटलं, साहेब सगळ्यांसमोर मुद्दाम ओरडताहेत. मग तिसऱ्या दिवशी मला मुंग्या दिसल्या.

सेंट्रिंगच्या टेकूंवरून मुंग्यांच्या काळ्या रांगा वर चालल्या होत्या. एका टेकूवरून नाही, पुढच्या निम्म्या भागातल्या सगळ्या टेकूंवरून. शिंदखेडा तालुक्यातल्या एकूणएक मुंग्या तिथे आल्या होत्या, आणि काही मला वाटतं शिरपूरहूनही. फळ्यांच्या फटीतून ओघळ सुकले होते तिथे त्यांची जत्रा होती. मी बोट लावलं, जिभेला टेकवलं.

तोफेचा गोळा मागे फिरून हुक्का ओढणाऱ्या सरदारावर पडला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते मला कळलं.

मी ताबडतोब आबांकडे जायला हवं होतं. नाही गेलो. मी पाण्याच्या बादल्या मागवल्या आणि स्वतः टेकू धुवायला लागलो. मुंग्या धुऊन टाकल्या की प्रश्न धुतला जाईल, असं प्रोजेक्ट मॅनेजरला वाटलं. नेमक्या त्याच वेळी डेप्युटी इंजिनिअरांची जीप फाट्यावरून आत आली.

हे डेप्युटी घाटावरचे, कोल्हापूरकडचे. शांत माणूस. वर गेले, काठीनं टोचून बघितलं, खाली आले. मी बोलत होतो. थंडी म्हणालो, सिमेंटची बॅच म्हणालो, विहिरीत क्षार आहेत म्हणालो, एकदा चोपड्याला असाच स्लॅब आठ दिवस झोपला होता आणि नवव्या दिवशी असा उठला, की छिन्नी वाकली, असंही म्हणालो. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

“सगळं खरं,” ते म्हणाले. “पण तुमच्या स्लॅबला मुंग्या का लागल्यात?”

मी पायाजवळची बादली पाठीमागे सरकवली.

जीप बघून गाव जमलं होतं. आबा पुढे आले. साहेब कौतुकानं विचारताहेत, असं त्यांना वाटलं असणार. चेहरा असा फुललेला, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“साहेब, मालमा गूय टाकेल शे,” ते म्हणाले.

“काय टाकलंय?”

“गूय! बठ्ठा गावना. एक घर सोडं नही.”

डेप्युटी दोन पावलं मागे सरले. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला. “सगळ्या गावाचा? स्लॅबमध्ये?”

“गूळ, साहेब,” मी पुटपुटलो. “गूळ म्हणताहेत. अहिराणीत ळ चा य होतो.”

“ही काय व्याकरणाची वेळ आहे?” ते ओरडले. रुमाल मात्र खिशात गेला.

आबांना वाटलं, साहेब खूश आहेत, भाषाच तेवढी अडली. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, जसा पाहुण्यांना जावई दाखवताना लावतात. “आम्हले काय माहीत व्हतं? ह्या भाऊनी सांगं. किल्लानी गोष्ट सांगी, गूयनी सांगी. मी घरघर फिरनू. कोणी नही म्हणं नही, साहेब. जी म्हतारी उपकेंद्र नको म्हणे, तिनी बी गूयनी भेली दिधी.”

म्हणजे दोष देत नव्हते. श्रेय देत होते. साऱ्या गावासमोर, डेप्युटीसमोर, माझ्या दंडाला धरून. मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यायला हवं होतं, पण तीही आम्ही चांगली ठोकून घट्ट केली होती.

डेप्युटींनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार हात; खेड्यात त्याहून बाजू नसते. “हे बघा,” ते म्हणाले, “रेघेपासून पुढचा सगळा भाग उतरवा. आठ दिवस थांबून तो घट्ट होईलही, पण बाळंतिणीच्या डोक्यावर मी ‘होईलही’ ठेवणार नाही. तुमचं म्हणाल, तर तुम्ही चांगलं काम करता, मला माहीत आहे. गावकऱ्यांनी परस्पर घाण केली, असं मी वर कळवतो. तुमच्यावर काही येणार नाही. चालेल?”

मी मान हलवली.

तोफगोळा परतवणारी जीभ तोंडात असताना मी नुसती मान हलवली. ‘चालेल’ एवढा शब्दही काढला नाही, म्हणजे उद्या म्हणता यावं, की मी कुठे काय म्हणालो? मान वर केली तेव्हा आबा तिथेच उभे होते. शहरी मराठी त्यांना अडखळत कळायची. पण ‘घाण’ हा शब्द अहिराणीतही तोच आहे. त्यांनी स्लॅबकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि घरी गेले. मागून गावही पांगलं, हळूहळू, कुजबुजत. जाताना कुणीतरी म्हणालंच, “मी सांगेच, ह्या म्हताराना नादे लागू नका.”

मी जीप गेल्यावरही बराच वेळ त्या अर्ध्या ओल्या स्लॅबखाली उभा होतो. मिक्सरवाला म्हणाला, “साहेब, फोडायला कधी लागायचं?” मी म्हणालो, थांब. आणि आबांच्या घरी गेलो.

ते खाटेवर बसले होते. अक्का चुलीपाशी. मला कुणी या म्हणालं नाही, बसा म्हणालं नाही. मी उंबऱ्यातच उभा राहून सांगितलं, की गूळ चुन्याला चालतो, सिमेंटला चालत नाही. सिमेंटला तो विषासारखा.

“तुम्हले माहीत व्हतं?” आबांनी विचारलं.

“होतं.”

“भाषणना दिवसे बी?”

“हो.”

चुलीत लाकूड फुटलं. मग त्यांनी जे विचारलं, त्याची मी तयारी केली नव्हती.

“मंग ती भित? किल्लानी? ती तुम्ही देखेल शे का?”

मला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जळगावात आमच्या गल्लीत तो असभ्य मानला जायचा. काकांना केळीच्या घडावरून भुसावळ दिसलं, त्यांना कुणी विचारलं का?

“नाही, आबा.”

“कधीच नही?”

“तशी भिंतच नाही.”

अक्कानं चूल फुंकणं थांबवलं. आबा माझ्याकडे बघत होते. राग असता तर बरं झालं असतं, मी रागाला विनोदानं उत्तर देऊ शकतो. ते हिशेब जुळत नसल्यासारखे बघत होते. वाळू चोळायला शिकवणारा हा माणूस आणि नसलेली भिंत सांगणारा हा माणूस, एकाच सदऱ्यात कसे, असं.

“सकाये ओटावर सांगी दे,” ते शेवटी म्हणाले. आजवर ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते. “मी सांगाव नही. मनं तोंड कोण आयकी आते?”

मी सकाळी ओट्यावर उभा राहिलो. तोच ओटा, तीच माणसं. मी म्हणालो, किल्ला नाही, भिंत नाही, सरदार नाही. गूळ आबांनी टाकला तो माझ्या शब्दावर. स्लॅब मी घालवला. एवढंच म्हणालो. आणि काय झालं माहीत आहे? लोक हसायला लागले! त्यांना वाटलं, ही नवी गोष्ट आहे. “आते पुढे काय व्हई, साहेब?” मागून एकजण ओरडला. मी म्हणालो, पुढे काही नाही, हे खरं आहे. आणखी हसले. मी हात जोडले, शपथ घेतली. त्यावर तर टाळ्याही पडल्या. खोटं इतक्या सहज गळी उतरवणाऱ्या माणसाला खरं उतरवताना किती घाम येतो, हे मी त्या ओट्यावर शिकलो. पहिल्या भाषणाला मला घाम आला नव्हता.

शेवटी अक्का उठली. बायकांच्या घोळक्यातून पुढे आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“भित नही ना?”

“नाही, अक्का.”

“सरदार बी नही?”

“नाही.”

“मंग मनी भेली परत दे, लबाड!”

आणि मग गाव खरं हसलं. मला हसलं. पोट धरून, बोट दाखवून. प्रत्येक बाई आपापला खडा परत मागायला लागली. एकीनं तर सव्याज मागितला. मला तो मार हवाच होता, कारण हसणाऱ्यांतलं एकही बोट आबांकडे नव्हतं. ते ओट्याच्या कडेला बसून होते, न हसता.

डेप्युटींकडे दोंडाईच्याला जाऊन मी जे खरं ते कळवायला सांगितलं. ते म्हणाले, “मी अजून काही कळवलंच नव्हतं. तुम्ही येता का, ते बघत होतो.” शेठनी फोनवर मला जे ऐकवलं ते धुळ्याहून फोनशिवायही ऐकू आलं असतं. कार्डं मात्र परत मागितली नाहीत. मीच वाटायची बंद केली.

रेघेपासून पुढचा भाग आम्ही छिन्नी-हातोड्यानं उतरवला. ओला वाटणारा तो माल आत काही ठिकाणी चांगलाच आवळला होता. दोन दिवस आणखी थांबलो असतो तर कदाचित लोखंड झाला असता, हे मला दिसत होतं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. त्यातून काय गोष्ट झाली असती! पण सळया घासून, तुळईची कड खरवडून, मी गप्प राहिलो. गावाला चैन पडेना. “साहेब, आजारी शेतस का?” म्हणून विचारत.

दुसऱ्यांदा स्लॅब भरला त्या दिवशी मी निंबाकडे फिरकलो नाही. गूळ सोडा, कुंकवाची चिमूटसुद्धा पिंपाजवळ येऊ दिली नाही. आबा आले होते, पण माझ्याजवळ नाही, मिक्सरजवळ उभे. पाण्याचा डबा पडला, की आत वाकून बघत.

महिनाभरानं टेकू काढले. आबा, अक्का, चारपाच माणसं आली. बाळंतपणाच्या खोलीत आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ उमटलेला, करडा, कोरडा स्लॅब. जुन्या आणि नव्याच्या सांध्यावर मी हातोडी ठोकली. दोन्हीकडून सारखाच आवाज आला. मागच्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. आता साहेब काहीतरी सांगणार, निदान एखादा हत्ती तरी या स्लॅबवर नाचवणार.

“सांगा लोकेसले,” आबा म्हणाले. पुन्हा ‘तुम्ही’वर आले होते, जवळिकीनं नाही, अंतर ठेवून.

“चांगला आहे,” मी म्हणालो.

“इतलंच?”

“इतकंच, आबा.”

त्यांनी वर हात केला. हात छताला पोचत नव्हता, तरी करून बघितला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “पयलेच इतलं सांगं ऱ्हातं ते...” आणि वाक्य त्या ‘तर’पाशीच टाकून, अक्काच्या मागोमाग बाहेर उन्हात गेले.